पहिलं हिमालयी शिखर: केदारकंठ्याची आखणी रात्रींपासून सुरू करा

कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १,६४६ मीटर. केदारकंठ्याचा ट्रेक जिथून सुरू होतो ते उत्तराखंडातलं सांकरी गाव साधारण १,९५० मीटरवर आहे. म्हणजे पहिलं पाऊल टाकण्याआधीच आपण आपल्या राज्यातल्या कुठल्याही माथ्यापेक्षा वर असतो. सह्याद्रीत नियमित फिरणाऱ्याच्या पायांत ताकद असते, चढाची सवय असते, घसाऱ्यावर पाऊल कसं टाकायचं ते त्याला शिकवावं लागत नाही. पण विरळ हवा आणि शून्याखाली उतरणारी रात्र या दोन गोष्टींची ओळख सह्याद्री करून देत नाही.

बहुतेक जण आखणी करताना दिवस मोजतात: रजा किती, चाल किती, शिखर कोणत्या तारखेला. मी आधी रात्री मांडायला सांगेन. कुठली रात्र किती उंचीवर जाणार, त्या रात्री थंडी किती असेल, झोप किती मिळेल, हे कागदावर लिहा. उंचीचा त्रास होणार की नाही हे मुख्यतः आपण कुठे झोपतो त्यावर ठरतं. दिवसा कुठवर जाऊन आलो याला त्या मानाने कमी महत्त्व आहे. रात्री नीट बसल्या की दिवस आपोआप बसतात.

शिखर कोणतं निवडावं

नवख्या माणसासाठी शिखर निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. दोर किंवा बर्फकुऱ्हाडीचं तंत्र लागता कामा नये. वाटेत कुठेही प्रकृती बिघडली तर काही तासांत खाली उतरता आलं पाहिजे. आणि उंची इतकीच असावी की चार-पाच दिवसांच्या चालीत शरीराला तिच्याशी जुळवून घेता येईल.

केदारकंठा या तिन्ही कसोट्यांना उतरतो. उंची ३,८१० मीटर, म्हणजे १२,५०० फूट. उत्तरकाशी जिल्ह्यातल्या गोविंद पशुविहार राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातली ही वाट देवदार-पाइनच्या दाट जंगलातून वर चढते, मग मोकळ्या कुरणांवर येते आणि शेवटी उभ्या चढाने माथ्यावर पोचते. वरून स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ आणि काळानाग ही शिखरं समोर उभी दिसतात. शिवाय ही वाट बहुतांशी गोल फिरून येते. चढताना एक जंगल, उतरताना दुसरं.

याहून सोपं हवं असेल, किंवा घरातल्या एखाद्या ज्येष्ठाला बरोबर न्यायचं असेल, तर मसुरीजवळचा ३,०२२ मीटरचा नागटिब्बा चांगला. ‘नवख्यांसाठी’ असं सांगून कुणी ५,२८९ मीटरचं फ्रेंडशिप पीक किंवा सहा हजारांवरचं युनाम सुचवलं तर पहिल्या वेळी नम्रपणे नाही म्हणा. तिथे पोचण्याची इच्छा असणं छानच आहे, पण आपलं शरीर उंचीवर कसं वागतं हे आधी कळू द्या.

कोणत्या महिन्यात

केदारकंठ्याची ख्याती हिवाळी ट्रेक म्हणून आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून मार्चपर्यंत बर्फ मिळण्याची शक्यता चांगली. हा बर्फ पश्चिमी झंझावातांमुळे पडतो. त्यांचं वेळापत्रक आपल्या रजेला बांधलेलं नसतं, त्यामुळे नाताळात बर्फ असेलच अशी हमी कुणी देत असेल तर ती धरून चालू नका.

नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळाच, असं माझं ठाम मत आहे. त्या दिवसांत वाटेवर रांग लागते. शेवटच्या उभ्या चढावर हजारो बुटांनी दाबलेला बर्फ काचेसारखा गुळगुळीत होतो, आणि पुढचा थांबला म्हणून मागच्याला गोठवणाऱ्या वाऱ्यात उभं राहावं लागतं. जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी अधिक शांत, पण थंडी कडक. मार्चच्या उत्तरार्धात आणि एप्रिलमध्ये वरच्या भागात बर्फ शिल्लक असतो, खाली बुरांशची लाल फुलं असतात आणि रात्री सोसवतात. ज्यांना थंडीची धास्ती वाटते त्यांनी पहिल्या ट्रेकसाठी हाच काळ धरावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बर्फ बहुधा नसतो, पण आकाश स्वच्छ. पावसाळ्यात या भागातले रस्ते दरडींनी बंद पडतात, तेव्हा जाऊ नये.

रात्रींचा हिशोब

नेहमीचा कार्यक्रम असा असतो.

पहिली रात्र सांकरीत. देहरादूनहून सुमारे १९० ते २०० किलोमीटर, गाडीला आठ ते दहा तास. मसुरी, नैनबाग, नौगाव, पुरोला, मोरी, नैटवाड असा रस्ता आहे. आधी यमुनेची सोबत, मोरीपासून टोन्स नदीची. देहरादून रेल्वे स्टेशनजवळून सकाळी लवकर गाड्या सुटतात. वळणांनी पोट ढवळत असेल तर उलटीची गोळी निघण्यापूर्वी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर नाही. रोख रक्कम पुरोल्यापर्यंतच काढून घ्या, पुढे एटीएमच्या भरवशावर राहू नये. सांकरीच्या पुढे मोबाइलला रेंज नसते असंच धरून घरी कळवून ठेवा.

दुसरी रात्र जुडा का तालाब, साधारण २,७७० मीटर. सांकरीहून चार-एक किलोमीटरचा जंगलातला चढ, चार ते पाच तास. थंडीत हे छोटं तळं गोठलेलं असतं. त्यावर चालण्याचा मोह होतो. गाइडने सांगितल्याशिवाय पाय ठेवू नका.

तिसरी रात्र केदारकंठा बेस, सुमारे ३,४३० मीटर. चाल पुन्हा चार-एक किलोमीटरचीच, त्यामुळे लोक दुपारीच पोचतात आणि ‘हे तर सोपं होतं’ म्हणतात. पण रात्रींच्या हिशोबात सगळ्यात कठीण उडी हीच. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा गिर्यारोहण वैद्यकातला सर्वमान्य संकेत आहे. इथे वाढ ६६० मीटरची होते. बहुतेकांना ती झेपते. काहींचं डोकं त्या रात्री दुखतं.

चौथ्या दिवशी पहाटे शिखर, आणि रात्र हरगावला, सुमारे २,७०० मीटरवर. पाचव्या दिवशी सांकरी, सहाव्या दिवशी देहरादून.

यात मी एक बदल सुचवेन. रजा एका दिवसाने वाढवता येत असेल तर जुडा का तालाबला दोन रात्री राहा. मधल्या दिवशी जेवणाआधी बेसच्या दिशेने दोन-तीन तास चढून जा आणि झोपायला परत खाली या. शरीराला वरची हवा दाखवून खाली झोपवण्याची ही जुनी आणि खात्रीची पद्धत आहे. पन्नाशीच्या पुढच्यांनी, आणि ज्यांना आधी कधी उंचीवर डोकेदुखी झाली आहे अशांनी, हा दिवस चैनीचा समजू नये. तयार गटांबरोबर जाताना हे जमत नाही. चार-सहा मित्रांनी स्थानिक गाइड घेऊन स्वतःचा कार्यक्रम आखला तर सहज जमतं.

या सगळ्याच्या शेवटी देहरादूनला एक मोकळा दिवस ठेवा. सांकरीहून परतणारी गाडी संध्याकाळी पोचते, आणि बर्फामुळे किंवा दरडीमुळे ती कधी रात्रीही पोचते. त्याच संध्याकाळचं विमान काढणं म्हणजे ट्रेकभर मनावर एक ओझं वाहणं. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुलं होतं, तेव्हा तारखा ठरल्या की तो दिवस कॅलेंडरवर खुणेने ठेवा.

कुणाबरोबर जायचं

ट्रेक नेणाऱ्या संस्थेला पैसे भरण्याआधी काही प्रश्न सरळ विचारा. एका गाइडमागे किती माणसं? गाइडने प्रथमोपचाराचं आणि गिर्यारोहणाचं प्रशिक्षण घेतलं आहे का? उत्तरकाशीची १९६५ साली सुरू झालेली नेहरू गिर्यारोहण संस्था अशा प्रशिक्षणासाठी नावाजलेली आहे. बेस कॅम्पवर ऑक्सिजन सिलिंडर आणि स्ट्रेचर असतं का? एखाद्याला मधूनच खाली न्यायची वेळ आली तर त्याच्याबरोबर कोण उतरतं, आणि मग उरलेल्या गटाकडे कोण राहतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत मिळालं तर ती संस्था सोडा. जेवणात पनीर असतं की नाही हे नंतर विचारलं तरी चालेल.

स्थानिक गाइड घ्यायचा असेल तर सांकरी आणि शेजारच्या गावांत अनुभवी माणसं आहेत. या खोऱ्यातल्या कुटुंबांचा हिवाळ्यातला मोठा आधार म्हणजे हे काम, म्हणून मोबदल्यात फार घासाघीस करू नका. वनविभागाची परवानगी आवश्यक आहे. तिच्यासाठी ओळखपत्राच्या प्रती आणि डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र जवळ ठेवा. गाइड किंवा संस्था हे काम करून देते, पण परवानगी तुमच्या नावाने काढली आहे ना, हे निघण्याआधी पाहून घ्या. ट्रेकिंगचा समावेश असलेला विमा काढा, आणि त्यातली उंचीची मर्यादा वाचा. काही विम्यांत ठरावीक उंचीच्या वरचा अपघात धरला जात नाही.

शरीराची तयारी: आठ ते दहा आठवडे

दमश्वास हा पाया. सुरुवातीला जलद चालणं, मग चालणं-पळणं, आणि निघण्याआधी पाच किलोमीटर ३५ मिनिटांच्या आसपास आरामात जमावेत. आठवड्यातून चार दिवस पुरे. दोन दिवस जिने चढा-उतरा, शेवटच्या महिन्यात पाठीवर सात-आठ किलोची सॅक घेऊन. उतरण्याचा सराव लोक विसरतात. शिखराच्या दिवशी माथ्यावरून हरगावपर्यंत अकराशे मीटर उतरायचं असतं, आणि तिथे फुप्फुसं नाही, मांड्या आणि गुडघे दाद मागतात. स्क्वॉट, लंज आणि पोटऱ्यांचे व्यायाम याचसाठी.

शनिवार-रविवारी गडावर जात असाल तर राजगड किंवा हरिश्चंद्रगडासारखे लांब चढ भरल्या सॅकेनिशी करा, आणि नवे बूट तिथेच रुळवा. हिमालयात नव्या बुटांनी जाऊ नये. चढताना तोंडाने गप्पा मारता येतील इतकाच वेग ठेवण्याची सवयही इथेच लावा. वर गेल्यावर हीच सवय सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

सॅकेत काय

एक जाड जॅकेट सगळं सांभाळेल हा समज काढून टाका. चालताना घाम येतो, थांबलं की तोच घाम गारठवतो. म्हणून थर लागतात: अंगालगत घाम शोषून लवकर वाळणारा सिंथेटिक किंवा लोकरीचा थर, त्यावर फ्लीस, मुक्कामावर आणि पहाटे घालायला पिसांचं किंवा जाड भरावाचं जॅकेट, आणि सगळ्यांवर वारा-पाणी अडवणारं कवच. सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा, कारण ओला सुती कपडा तिथे वाळत नाही.

घोटा झाकणारे, जलरोधक, खोल नक्षीच्या तळव्याचे बूट. मोज्यांच्या चार-पाच जोड्या, त्यांतली एक कोरडी जोडी फक्त झोपण्यासाठी. ती दिवसा बाहेर काढायची नाही. हातमोजे दोन थरांत, कानटोपी, मान झाकायला बफ. हेडटॉर्च आणि तिच्या जादा बॅटऱ्या. अतिनील किरणं अडवणारा गॉगल अनिवार्य आहे: ताजा बर्फ ही किरणं ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो आणि काही तासांत डोळे भाजून निघतात. चष्मा असेल तर वरून बसणारा गॉगल घ्या. सनस्क्रीन नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा, ऊन तिथे बर्फावरून येतं. चालताना आधाराला दोन काठ्या. मायक्रोस्पाइक्स (बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटाखाली चढवायचे धातूचे काटे) आणि गेटर्स (बुटात बर्फ जाऊ न देणारं पोटरीवरचं आवरण) सांकरीत भाड्याने मिळतात. घेतानाच स्वतःच्या बुटावर चढवून पाहा.

मोबाइल आणि पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगेत आपल्याबरोबर झोपवा. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. विमानाने जाताना पॉवर बँक हातातल्या सामानात आणि काठ्या चेक-इन सामानात, हे उलटं झालं तर विमानतळावर सॅक उघडावी लागते. पाण्याच्या नळीवाल्या पिशव्यांची नळी गोठते, साध्या बाटल्या बऱ्या. झोपताना एका धातूच्या बाटलीत गरम पाणी भरून मोज्यात घालून पायाशी ठेवा: रात्रभर ऊब, आणि सकाळी न गोठलेलं पाणी.

महिलांनी पाळीची तारीख नसली तरी सामान बरोबर ठेवावं, उंचीवर आणि प्रवासात चक्र पुढे-मागे होतं. वापरलेलं सगळं वेगळ्या बंद पिशवीत खाली परत आणायचं.

उंची लागते तेव्हा

शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६३ टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी. साधारण २,५०० मीटरनंतर कुणालाही त्रास होऊ शकतो. यात तरुण, पळणारा, व्यायामपटू अशी सूट नाही. उलट तंदुरुस्त माणूस वेगाने चढतो आणि लक्षणं लपवतो, म्हणून त्याच्याकडे जास्त लक्ष ठेवावं.

डोकेदुखी, आणि तिच्याबरोबर मळमळ, भूक न लागणं, गरगरणं किंवा नेहमीपेक्षा जास्त थकवा: उंचीच्या त्रासाची ही सुरुवात. अशा वेळी पुढे चढायचं नाही. पाणी प्या, विश्रांती घ्या, गाइडला सांगा. बरं वाटलं तर दुसऱ्या दिवशी पुढे, वाढलं तर खाली. मला सगळ्यात काळजी वाटते ती ‘गटाला उशीर नको’ म्हणून गप्प बसणाऱ्यांची. रोज संध्याकाळी जेवताना प्रत्येकाने आपलं डोकं, पोट आणि कालची झोप याबद्दल मोठ्याने सांगायचं, असा नियम पहिल्याच दिवशी करून टाका. मग कुणालाच संकोच राहत नाही.

दोन गोष्टी मात्र थांबून पाहण्याच्या नाहीत. माणूस सरळ रेषेत टाचेला बोटं लावत चालू शकत नसेल, असंबद्ध बोलत असेल, तर मेंदूला सूज येत असल्याची शक्यता असते. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला वाढत असेल, फेसाळ किंवा गुलाबीसर बेडका पडत असेल तर फुप्फुसांत पाणी होत असतं. दोन्हींवर उपाय एकच: लगेच खाली, रात्र असली तरी, आणि एकट्याने नाही. ऑक्सिजन आणि औषधं उतरण्यासाठी वेळ मिळवून देतात, उतरण्याची जागा घेत नाहीत.

डायमॉक्स हे औषध प्रतिबंधासाठी वापरतात. ते घ्यायचं की नाही, किती घ्यायचं, हे निघण्याआधी स्वतःच्या डॉक्टरांशी ठरवा, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार किंवा गर्भारपण असेल तर. त्याने लघवी वाढते आणि बोटांना मुंग्या येतात, हे आधी माहीत असलेलं बरं. झोपेच्या गोळ्या आणि दारू दोन्ही वर्ज्य. रात्री श्वास आधीच उथळ होतो, या दोन्हींनी तो आणखी मंदावतो. दिवसाला तीन ते चार लिटर पाणी घोट घोट प्या, आणि भूक नसली तरी दोन घास खा. बोटावर लावायचा ऑक्सिमीटर थंड हातांवर चुकीचे आकडे दाखवतो, त्यामुळे हात चोळून गरम करा आणि आकड्यापेक्षा माणसाकडे पाहा.

शिखराची पहाट

आदल्या रात्री सगळं हाताशी लावून झोपा: काय घालायचं, काय खिशात, काय सॅकेत. हिवाळ्यात पहाटे तापमान शून्याखाली दहा अंश किंवा त्याहूनही खाली असतं, त्या थंडीत तंबूत शोधाशोध करताना बोटं बधिर होतात. पहाटे तीन-चारच्या सुमारास निघतात, कारण रात्रीचा बर्फ घट्ट असतो आणि दुपारी वारा सुटतो. निघताना थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे घाला. सुरुवातीलाच उबदार वाटलं तर अर्ध्या तासात घाम येणार.

पावलं लहान, वेग कंटाळवाणा वाटावा इतका कमी. शेवटचा टप्पा उभा आहे. तिथे समोरच्याच्या पावलांच्या खुणांत पाय ठेवत, बूट पूर्ण टेकवून चढायचं. गाइडबरोबर परत फिरण्याची वेळ बेसवरच ठरवा, मी सकाळी दहाची सुचवेन. त्या वेळेपर्यंत जिथे असाल तिथून मागे. आकाश झाकोळलं, वारा बदलला तर त्याआधीही मागे. हा निर्णय गाइडचा असतो आणि तो ऐकायचा असतो. देहरादूनच्या हवामान केंद्राचा अंदाज सांकरी सोडण्याआधी पाहून ठेवलेला असला की हा निर्णय पचायला सोपा जातो.

माथ्यावर दगडांचं छोटं शिवस्थान आणि त्रिशूळ आहे. खोऱ्यातल्या लोकांची त्यावर श्रद्धा आहे. फोटोसाठी त्यावर चढू नका. वर अर्धा तास पुरे. उतरताना स्पाइक्स काढायची घाई नको, काठ्या लांब करा, गुडघे किंचित वाकवून उतरा. बर्फावरून बसून घसरत जाणारे लोक दिसतील. खाली दगड किंवा झाड कुठे आहे हे दिसत नसताना ते करू नये.

उतरल्यावर

हरगावला पोचल्यावर लगेच झोपू नका. ओले मोजे काढा, पायांची बोटं तपासा, गरम काहीतरी प्या, सैल ताण द्या. बोट पांढरं आणि बधिर असेल तर ते बर्फाने चोळायचं नाही, आगीशीही धरायचं नाही. अंगाच्या उबेने किंवा कोमट पाण्याने हळूहळू गरम करायचं आणि गाइडला दाखवायचं. चॉकलेटच्या चांद्यांपासून ओल्या टिश्यूपर्यंत आपला सगळा कचरा सांकरीपर्यंत आपल्याच सॅकेत यायला हवा. बर्फाखाली पुरलेलं प्लॅस्टिक एप्रिलमध्ये वितळत्या पाण्याबरोबर खालच्या गावांच्या झऱ्यांत जातं.

भाड्याचे स्पाइक्स आणि गेटर्स परत करताना पुसून, मोडकं असेल तर सांगून द्या, पुढचा माणूस त्याच्याच भरवशावर वर जाणार असतो. दुसऱ्या दिवशीच्या गाडीची जागा आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा, कारण सांकरीहून देहरादूनला जाणाऱ्या गाड्या भल्या सकाळी सुटतात आणि त्यानंतर दिवसभर फारसं काही मिळत नाही.